बाकावर लोक बसण्याची दाट शक्यता

बारकी वॉर्ड समितीची सदस्य झाली ती दिव्याची तक्रार करायला गेली म्हणून. कोपऱ्यावरचा दिवा कित्येक आठवडे नुसते डोळे मिचकावत होता. ते सांगायला ती वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी गेली, तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी आधी तिचं वय विचारलं. वय ऐकून बाईंचा चेहरा उजळला. समितीत तरुणांसाठी एक जागा राखीव होती, ती कुणी भरत नव्हतं, आणि दर महिन्याला 'जागा रिक्त' असं वर कळवायचा बाईंना कंटाळा आला होता. "बसतेस का?" त्यांनी विचारलं, बसमधली खिडकीची सीट दाखवावी तसं. बारकी बसली. दिवा अजून मिचकावतोच आहे, पण तो विषय वेगळा.

या निवडणुकीचा, म्हणजे न झालेल्या निवडणुकीचा, खरा फटका बसला तिच्या वडिलांना. ते एका जुन्या कंपनीत हेडक्लार्क होते आणि गल्लीतही त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत. रोज सकाळी चहाबरोबर स्थानिक कारभाराचे वाभाडे काढायचे, हा त्यांचा नेम होता. खड्डा, कचऱ्याची गाडी, नळाचं पाणी, त्या दिवशी जे हाताशी लागेल ते. बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून हुंकार देई. असा सुखाचा संसार इतकी वर्षं चालला होता. आता कारभारच समोरच्या खुर्चीत येऊन बसला, पावाला लोणी लावू लागला आणि विचारू लागला, "कुठला खड्डा म्हणतोस बाबा? दवाखान्यासमोरचा की वळणावरचा?"

टीकेला उत्तर मिळायला लागलं की टीकेतली सगळी चव जाते. हेडक्लार्कांना पहिल्याच आठवड्यात जाणवलं की आपल्याच घरात आपली मुस्कटदाबी होते आहे.

त्यात लोक पोरीला गाठायचं सोडून बापाला गाठू लागले. बारकी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'वरची ओळ वाचा, खालची ओळ वाचा' करत असायची. हेडक्लार्क मात्र संध्याकाळी ठरल्या वेळी चढावरून घरी यायचे, त्यामुळे सापडायला सोपे. कुणी गटाराची झाकणं सांगे, कुणी शेजारच्याचा कुत्रा. पहिल्यांदा ते वैतागले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की आपण मान जरा तिरकी करून "बघतो" म्हटलं, की माणूस समाधानानं जातो. ऑफिसात हे तंत्र त्यांना अवगत होतंच. गल्लीतही ते चालतं, हा शोध नवा होता. बायको म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय." त्यांनी ते ऐकलं नाही, असं दाखवलं.

बारकीनं समितीत पहिला विषय काढला तो बाकाचा.

बस थांब्यापासून वरच्या वस्तीपर्यंत सलग चढ आहे. हातात पिशव्या असल्या की धडधाकट माणसालाही धाप लागते, आणि वाटेत टेकायला काही नाही. चढाच्या मध्यावर एक बाक असावा, एवढीच तिची मागणी. गल्लीत कुणाचा विरोध म्हणून नव्हता. हेडक्लार्कांनी तर दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, गालावर हात धरून बसलेल्या चार माणसांसमोर भाषणच केलं. जिथं म्हाताऱ्या माणसाला टेकायला जागा नाही त्याला रस्ता म्हणायचं की शिक्षा, असा त्यांचा सवाल होता. त्या माणसांना तोंड उघडणं अवघड होतं, त्यामुळे ठराव एकमतानं पास झाला.

मग जागेचा प्रश्न आला. पहिली जागा निघाली नेमकी त्याच दवाखान्यासमोरची. डॉक्टर म्हणाले, कल्पना उत्तमच आहे, पण बाहेर बसलेल्यांना आतला आवाज ऐकू जाईल आणि आत येणारे निम्म्यातून परत जातील. दुसरी जागा किराणा दुकानाशेजारी. तिथं विजेच्या खात्याचा डबा होता, त्याला टेकून बसणं आरोग्याला हितकारक नव्हतं. तिसऱ्या जागेखालून पाण्याची मोठी नळी गेलेली. बाक बागखात्याचा, फुटपाथ रस्तेखात्याचा आणि नळी पाणीखात्याची. या तिघांना एका दिवशी एका जागी उभं करायला बारकीला दुकानातून इतक्यांदा अर्धी रजा काढावी लागली, की मालक म्हणाले, तू आता बाकाची एजन्सीच घे. शेवटी रस्तेखात्याच्या इंजिनीअरनं टेप धरून सगळा चढ मोजला आणि निकाल दिला. फुटपाथ पुरेसा रुंद असलेली जागा अख्ख्या चढावर एकच आहे.

ती हेडक्लार्कांच्या खिडकीखाली होती.

ते संध्याकाळी घरी आले तेव्हा बारकी त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीवर डिंकानं नोटीस चिकटवत होती. ही भिंत ठेंगणी, बसायला नेमकी सोयीची. पूर्वी येणारेजाणारे तिच्यावर टेकत असत. मग हेडक्लार्कांनी तिच्यावर कोरफडीच्या कुंड्यांची रांग लावली, शोभेसाठी म्हणून. कोरफडीनं शोभा वाढते असं म्हणणारा गल्लीतला तो एकच इसम.

"मला आधी सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"सांगतेय की. सगळ्यांना एकदमच सांगतेय." तिनं कोपरे दाबून बसवले. "कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी द्यायची. तुझी असली तर तुझीही चालेल."

'तुझीही चालेल' हे शब्द हेडक्लार्कांच्या जिव्हारी लागले.  आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, त्यांनी आयुष्यातला सर्वांत उत्तम मसुदा लिहिला.

कलाकाराच्या हातून एखादीच कृती अशी उतरते. पहिल्या मुद्द्यात फुटपाथची रुंदी होती, दुसऱ्यात पावसाच्या पाण्याचा उतार. तिसरा मुद्दा सार्वजनिक स्वच्छतेचा. पण खरी बहार होती चौथ्यात. 'सदर बाकावर लोक बसण्याची दाट शक्यता असून, बसल्यानंतर ते आपापसांत बोलतील, ही बाबही नाकारता येत नाही.' डॉक्टरांनी वाचून लगेच सही केली. एकदा बाक दुसऱ्याच्या खिडकीखाली बसला की उद्या तो आपल्या दारात यायला वेळ लागणार नाही, हा त्यांचा हिशेब. आणखीही सह्या मिळाल्या. बाकाला कुणाचा विरोध नव्हता, फक्त तो ठेवायला होता.

सुनावणी वॉर्ड ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये झाली. पंखे जोरात फिरत होते आणि कागदांवर पेपरवेट म्हणून नळाच्या तोट्या ठेवल्या होत्या, कारण अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं. पत्रव्यवहार वाचून दाखवायचं काम सर्वांत लहान सदस्याकडे, अशी समितीची पद्धत. बारकी उभी राहिली आणि तिनं बापाची हरकत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. आवाज चढला नाही, उतरला नाही. चौथ्या मुद्द्याला हॉलमध्ये खसखस पिकली, तेव्हा ती थांबली, शांतता होऊ दिली, आणि पुढचं वाक्य वाचलं. मग वर बघून म्हणाली, "अर्जदार हजर आहेत का? तुम्हाला यात आणखी काही सांगायचं आहे?"

हेडक्लार्क इकडेतिकडे बघू लागले. 'तुम्हाला' म्हणजे आपल्याला, हे ध्यानात यायला त्यांना एक क्षण लागला. जन्मल्यापासून तिनं त्यांना 'तू'च म्हटलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "लिहिलंय तेवढंच."

"बाक माझ्या घराच्या खिडकीखाली येतो, म्हणून मी मतदानात भाग घेणार नाही," असं सांगून ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. तिच्या पाठीमागे बाक नामंजूर झाला.

घरी जाताना दोघं बरोबरच चालले. ती चिडेल, निदान धुसफुसेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "दुसरा मुद्दा चांगला होता बाबा. पाण्याच्या उताराचं आमच्या लक्षात आलं नव्हतं." आणि चढ चढू लागली. 

विजयाचे दिवस म्हणावे तसे गोड गेले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना दवाखान्याच्या पायरीवर अडवून शाबासकी दिली. "बरं केलंत. पोरीबाळींच्या हाती कारभार दिला की आज बाक, उद्या पलंग." हेडक्लार्क हसले, पण ते हसू दिवसभर शर्टाच्या कॉलरसारखं टोचत राहिलं. ज्या माणसाचं मत त्यांनी कधी जमेस धरलं नाही, तो आज त्यांच्या बाजूनं बोलत होता.

पुढच्या सभेला ते गेले ते नुसतेच, मागच्या खुर्चीत बसायला. बारकीनं गटाराच्या झाकणांचा विषय काढला. वळणावरची झाकणं उघडी होती, लहान मुलं तिथूनच शाळेत जातात, तिनं जागा नीट पाहून ठेवल्या होत्या. अध्यक्ष खुर्चीत मागं रेलले.

"त्याचं असं आहे सदस्यबाई," ते म्हणाले, "आधी घरची मंजुरी आणा. मग झाकणं बघू."

हॉल हसला. डॉक्टर हसले. बारकीही हसली. ते हसू हेडक्लार्क ओळखत होते. गिऱ्हाइकाचा नंबर वाढला आहे हे सांगायच्या आधी ती दुकानात असंच हसायची. मग अध्यक्ष तिला म्हणाले की बोलायचं झालं असेल तर चहाचे कप तेवढे पुढे सरकव, आणि तिनं ते सरकवले. झाकणांचा विषय तसाच राहिला.

हेडक्लार्कांना पुढचं काही ऐकू आलं नाही. आपण एका बाकाला नाही म्हटलं, एवढीच त्यांची समजूत होती. त्या एका 'नाही'ला दोरी बांधून लोक आता काहीही ओढून नेणार, हे मसुदा लिहिताना त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बायकोला त्यांनी रात्री सांगितलं, तेव्हा ती कपडे घड्या करत होती. "हरकत मागे घ्या मग," ती म्हणाली. जणू वाळत टाकलेला टॉवेल काढून आणायचा होता.

खिडकीमागच्या बाईंनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"मागे घेता येत नाही."

"माझीच हरकत आहे."

"मान्य झाली की ती तुमची राहत नाही. समितीची होते."

"मग समितीकडून मागे घेतो."

"तुम्ही समिती नाही ना." बाई मुळीच वाईट नव्हत्या. "असं करा, नवीन मागणी करा. बाक नसल्यामुळे तुम्हाला काय त्रास होतो ते लिहा. आणि आधी ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यातल्या काहींच्या मिळाल्या तर बरं, नाहीतर अध्यक्ष पहिलं तेच विचारतील."

"मला काही त्रास होत नाही," हेडक्लार्क प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग मागता कशाला?"

हा प्रश्न त्यांनी घरी नेला. कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. आणि काय आश्चर्य, हात चालेना. काय नको हे लिहायला ज्या माणसाला चार पानं पुरत नसत, त्याला काय हवं ते लिहायला चार ओळी सुचेनात. दोनतीन संध्याकाळी अशा कोऱ्या गेल्या. तशात बारकीला काही विचारायची सोय नव्हती, कारण विषय घरचा असल्यामुळे ती घरात त्यावर बोलणार नाही असं तिनंच जाहीर केलं होतं. जेवताना दोघं भाज्यांचे भाव आणि हवापाणी यावर बोलत, अनोळखी प्रवाशांसारखे. मधे बसलेली बायको दोघांना वाढत राही.

शेवटी सह्यांपासून सुरुवात करावी असं ठरवून ते निघाले. डॉक्टर म्हणाले, "हे म्हणजे तुम्ही काढलेला दात परत बसवायला सांगताय," आणि पेशंटकडे वळले. किराणावाले सही करायला तयार झाले, पण बाकावर आपल्या दुकानाचं नाव रंगवणार असाल तर. एकानं तर आधीच्या अर्जावर सही केलीच नव्हती असं सांगितलं, स्वतःची सही समोर दिसत असताना.

चढाच्या टोकाला एक निवृत्त नर्स राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी आधी सही केली नव्हती, कारण हेडक्लार्क तेव्हा इतक्या वर गेलेच नव्हते. आता त्या त्यांना थांब्याशीच भेटल्या, हातात दोन भरल्या पिशव्या. सही मागायची म्हणजे पिशव्या धरणं ओघानंच आलं. हेडक्लार्कांनी दोन्ही उचलल्या आणि रुबाबात चालू लागले.

रोज ते हाच चढ अर्धा चढत, ते हात हलवत. आज दवाखान्यापर्यंत रुबाब टिकला. पुढे बोटांत पिशव्यांचे बंद रुतले, छातीत भाता चालू झाला. सिस्टर विजेच्या खांबाशी थांबल्या आणि त्याला धरून उभ्या राहिल्या. हेडक्लार्कांनीही दुसऱ्या बाजूनं तोच खांब धरला. एका खांबाला दोन बाजूंनी दोन प्रौढ माणसं बिलगलेली बघून एक सायकलवाला वळून पाहत गेला. हेडक्लार्कांच्या प्रतिष्ठेला ते झोंबलं असतं, पण त्या वेळी त्यांना प्रतिष्ठेपेक्षा श्वासाची निकड जास्त होती.

"इथं मी रोज थांबते," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वी आणखी थोडं ओढून तुमच्या भिंतीवर टेकत होते. मग कुंड्या आल्या." त्यांनी दम घेतला. "कोरफड मात्र छान वाढलीय हो. हात चांगला आहे तुमचा."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर हेडक्लार्कांना उत्तर देता आलं असतं.

सही मिळाली. ती घेऊन ते घरी आले आणि कपडे न बदलता कुंड्या उचलून मागच्या अंगणात नेऊ लागले. कोरफडीनं जाताजाता दोन्ही हातांवर सह्या केल्या.  बायकोनं हात पुसायला फडकं आणून दिलं आणि शेवटच्या कुंडीला हात लावला. त्या संध्याकाळी मसुदा एका बैठकीत झाला. मुद्दे नव्हते, उपमुद्दे नव्हते. सिस्टर, पिशव्या, खांब, एवढंच.

दुसऱ्या सुनावणीला हॉल भरलेला होता. बापलेकीची झुंज बघायला मिळणार म्हणून निम्मे आले होते. पत्र बारकीनंच वाचलं. खांबाशी आली तेव्हा ती किंचित थांबली, पण यावेळी हॉल हसला नव्हता.

अध्यक्ष म्हणाले, "काय हेडक्लार्क, गेल्या खेपेला विरोध, या खेपेला मागणी. घरी जेवण बंद झालं का?"

लोक हसले. हेडक्लार्क हसणं संपेपर्यंत उभे राहिले. हे ते मुलीकडून शिकले होते.

"जेवण चालू आहे," ते म्हणाले. "पहिला अर्ज मी खिडकीत बसून लिहिला होता. नंतर चढ चढून पाहिला."

"अध्यक्ष महाराज," बारकी म्हणाली, "मी मत देणार नाही. पण मला अर्जदारांना एक प्रश्न विचारायचा आहे." तिनं जुनं पत्र पुढे घेतलं. "बाकावर लोक बसण्याची दाट शक्यता आहे, असं तुम्ही लिहिलं होतंत. ती शक्यता आता राहिलेली नाही का?"

ती सवलत देत नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. टेबलापलीकडे सरळ पाठीनं उभी असलेली ही मुलगी कधी आपल्या खांद्यावर बसून हा चढ चढली होती, हे त्यांना खरंच आठवेना.

"सदस्यबाई, आपण म्हणता ते बरोबर आहे," हेडक्लार्क म्हणाले. 'आपण' हा शब्द त्यांच्या तोंडून आला आणि मागच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या बायकोनं पदर नीट केला. "ती शक्यता अजून आहे. लोक बसतील आणि बोलतीलही. खिडकी माझी आहे, तर मी ऐकेन. माझी तयारी आहे." मग ते अध्यक्षांकडे वळले. "मागच्या सभेत आपण यांना घरची मंजुरी आणायला सांगितलं होतंत. बाकाची मी लेखी दिली आहे. गटाराच्या झाकणांना ती लागते असं नियमात कुठं दिसलं नाही. मी सगळे नियम वाचले."

हेडक्लार्कनं सगळे नियम वाचले म्हटल्यावर ते वाचलेलेच असणार, हे अध्यक्षांना ठाऊक होतं. त्यांनी एक तोटी उचलून दुसऱ्या कागदावर ठेवली. बारकी व्हरांड्यात गेली. बाक एका मताच्या फरकानं मंजूर झाला, आणि ती परत आल्यावर झाकणांचा विषय घेण्यात आला.

बाक आला तो हेडक्लार्क ऑफिसात असताना. कामगारांनी तो भक्कम बसवला, सिमेंट घातलं आणि ते निघून गेले. फक्त तोंड रस्त्याकडे करायचं ते घराकडे केलं. म्हणजे बाकावर बसणाऱ्या माणसासमोर दुसरं काही नाही, थेट हेडक्लार्कांची बैठकीची खोली. बारकीनं विचारून घेतलं. फिरवायचा तर नवा प्रस्ताव, पुन्हा तिन्ही खाती.

"करू का सुरुवात?" तिनं विचारलं. "तुझी हरकत असेल ना?"

"बघतो," म्हणून हेडक्लार्क बाहेर गेले आणि बाकावर बसले.

दिवेलागणीची वेळ होती. पडदे अजून ओढले नव्हते. आपलं घर त्यांनी असं बाहेर बसून कधीच पाहिलं नव्हतं. टेबलावर कागद पसरून बारकी आईला काहीतरी पटवून देत होती. आवाज ऐकू येत नव्हता, पण एकेक मुद्दा झाला की ती बोट टेबलावर आपटत होती, अगदी हेडक्लार्क आपटायचे तसं. बायको मात्र हुंकार देत नव्हती. हातातलं काम बाजूला ठेवून, समोर खुर्चीवर बसून, मान हलवून वाद घालत होती. इतक्या वर्षांत ती ओट्याकडून वळून अशी समोर बसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तसं बसायचं तिच्या मनात कधी आलं असेल का, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

खालून चपलांचा आवाज आला. कुणीतरी अनोळखी बाई, काखेत झोपलेलं मूल आणि हातात पिशवी, बाकापाशी येऊन थांबली.

"जरा सरकता का?"

हेडक्लार्क सरकले.